अम्माचा अंगठा आणि उमर खलिफा

मा. संपादक,
स.न.वि.वि.

निपाणीहून लिहितोय. माझ्या अम्मानं चाळीसेक वर्षं विड्या वळल्या, मांडीवर सूप घ्यायचं, पान कातरायचं, चिमूटभर जर्दा घालून वळायचं, नखानं तोंड मिटवून दोरा बांधायचा, त्यात अंगठ्याच्या रेषाच झिजून गेल्या बघा. गेल्या महिन्यात रेशनला गेलो तर मशीन अंगठाच घेईना. ओल्या फडक्यानं पुसून झालं, लिंबू चोळून झालं, तरी लाल दिवा. ओटीपी म्हणावं तर नंबर जुना निघाला, बंद पडलेला. दुकानदार म्हणाला मी काय करू, सिस्टीमच घेत नाही. कचेरीत गेलो तर पुढच्या आठवड्यात या, नि चिठ्ठी दिली ती कानडीत, तो विषय वेगळाच, जाऊ दे.

घरी येताना अम्माच म्हणाली, उमर हजरतांच्या वेळी अंगठा लागत नव्हता रे. हसलो आम्ही दोघं, पण ती गोष्ट लहानपणी तिनंच सांगितलेली. दुसरे खलिफा हजरत उमर, ६३४ ते ६४४ त्यांचा कारभार, रात्री मदिनेत पहारा द्यायचे. एका रात्री एक तान्हं मूल रडायचं थांबेना म्हणून आईला विचारलं, तर ती म्हणाली दूध तोडतेय, कारण उमर फक्त दूध तुटलेल्या पोरांनाच भत्ता देतो. समोर उभा आहे तो कोण हे तिला माहीतच नव्हतं. सकाळी त्यांनी दवंडी पिटवली, आता जन्मल्यापासून भत्ता, दूध तोडायची घाई करू नका. म्हणजे नियम त्यांचाच होता, चुकला कळल्यावर त्यांनीच बदलला, त्या बाईकडं कागद मागितले नाहीत.

दुसरी गोष्ट एका म्हाताऱ्या आंधळ्या ज्यूची. दारोदार भीक मागत होता, त्याला उमर हजरतांनी बैतुलमाल म्हणजे सरकारी खजिन्यातून कायमची मदत लावून दिली, वर म्हणाले की तरुणपणी ह्याच्याकडनं कर घ्यायचा आणि म्हातारपणी वाऱ्यावर सोडायचं हे न्यायाचं नाही. हे वाचलं की मला अम्माच्या मांडीवरचं सूप आठवतं.

आजच्या मुस्लिम देशांत हे कितपत चालतं ते विचारू नका, तिथंही राजे आपापल्या महालात बसलेत. पण आमच्यात राज्यकर्त्याला मेंढपाळ मानतात, हदीसच आहे, म्हणजे पैगंबरांचं वचन, तुम्ही सगळे मेंढपाळ आणि प्रत्येकाला आपल्या कळपाबद्दल विचारलं जाणार. आणि कुराणात लिहिलंय की नेक माणसांच्या मालात मागणाऱ्याचा आणि वंचिताचा हक्क आहे. हक्क हो, मेहेरबानी नव्हे.

अन्नभाग्य, म्हणजे कर्नाटक सरकारची रेशनच्या तांदळाची योजना, वाईट आहे असं मी म्हणत नाही, २०१३ पासून आमच्या घरचा तांदूळ त्याच्यावरच. एवढंच म्हणणं की सत्तरीच्या वरच्यांचा अंगठा नाही लागला तर रजिस्टरवर सही घेऊन द्यावं आणि तलाठ्यानं घरी येऊन एकदा बघून जावं.

सोमवारी परत जायचंय. अम्मा म्हणते या खेपेला पिशवी न्यायची नाही, रिकामी परत आणताना गल्लीत लाज वाटते.

आपला,
एक वाचक, निपाणी