सुताच्या कोनवर नंबर आणि वजन लिहा

मा. संपादक,
स.न.

७ ऑगस्टला राष्ट्रीय हातमाग दिन झाला, पैठणी-हिमरूवर छान लेख आले, वाचून खूप बरं वाटलं. पण आम्ही जे घरी बाल्कनीत छोटा माग टाकून विणतो त्यांची एक रोजची अडचण आहे, त्यावर कुणीच लिहीत नाही. सुटा कोन, म्हणजे सूत गुंडाळलेलं शंकूच्या आकाराचं रीळ, घेतला तर त्यावर सुताचा नंबर (सूत किती जाड-बारीक ते) नसतो, किती तारी (किती तारा एकत्र पिळल्यात) ते नसतं, आत निव्वळ सूत किती तेही नसतं.

भिवंडी जवळ असल्याने सूत मिळायला त्रास नाही. मध्ये एका दुकानातून निळ्या सुताचा अर्धवट कोन घेतला, ते म्हणाले ताई यात आरामात होतील तीन नॅपकिन, मीही अंदाजपंचे दाहोदरसे ताणा (उभे धागे) लावला आणि तिसऱ्या नॅपकिनला शेवटच्या पाच इंचांत बाणाच (आडवा धागा) संपला. परत गेले तर दुसऱ्या लॉटचा, म्हणजे वेगळ्या वेळी रंगवलेला निळा, ट्यूबलाइटखाली सारखाच वाटला पण उन्हात धरल्यावर फरक लगेच कळला. दोन दिवस माग तसाच उभा होता.

तेव्हापासून हिशेब करते. कॉटनचा १ नंबर म्हणजे १ ग्रॅमला साधारण १.६९ मीटर. २/१० म्हणजे १० नंबरच्या दोन तारा पिळलेल्या, म्हणून हिशेबाला ५ नंबर, ग्रॅमला साडेआठ मीटर. माझा ताणा २० इंच रुंद, इंचाला २४ तारा, म्हणजे ४८० तारा गुणिले ३ मीटर, १४४० मीटर, झाले १७० ग्रॅम. यात मागावर वाया जाणारे ६० सेंमी धरलेत, ते विसरलं की घात होतो. बाण्याला आकसण्यासाठी १० टक्के जास्त धरून साधारण १४० ग्रॅम. तीन नॅपकिनना ३१० ग्रॅम सूत लागतं हे आधी माहीत असतं तर तो कोन मी तिथेच काट्यावर ठेवायला सांगितला असता!

नंबर माहीत नसेल तर १०० मीटर सूत मोजून काढा आणि वजन करा, १२ ग्रॅमच्या आसपास भरलं तर २/१०. रिकामा कोनही एकदा काट्यावर ठेवून त्याच्या आतल्या बाजूला पेनाने वजन लिहून ठेवा, तेवढं वजा करायचं. आणि आपल्याकडच्या पावसाळ्यात सूत ओल धरतं, वजन जास्त दिसतं पण मीटर तेवढेच असतात, त्यामुळे जुलै-ऑगस्टमध्ये थोडं जास्तच हाताशी ठेवा.

उरलेले छोटे कोन टाकू नका हो. वेगवेगळ्या नंबरचं सूत ताण्यात मिसळलं तर ताण सारखा राहत नाही आणि धुतल्यावर कापड चुरमडतं, म्हणून मी उरलेलं सगळं बाण्यात घालते, पांढऱ्या ताण्यावर पट्टे काढते, बारीक असेल तर दोन कोनांच्या तारा एकत्र कांडीवर (बाण्याच्या छोट्या रिळावर) भरते. तीसेक ग्रॅम असेल तरी काठाच्या पट्ट्या सहज निघतात.

दुकानदारांना आणि सूत व्यापाऱ्यांना कळकळीची विनंती, सुट्या कोनवरसुद्धा नंबर, तार, लॉट आणि निव्वळ वजन एवढं चिठ्ठीवर लिहून चिकटवा. तुमच्या पुरवणीत घरी विणणाऱ्यांसाठी हा हिशेब एकदा चौकटीत छापलात तर फार उपयोग होईल.

– एक वाचक, कोपरी, ठाणे (पूर्व)