मे महिन्यातली भटकंती

जळगाव, ८ जून

ती. आई आणि ती. बाबा यांना,
सा. न. वि. वि.

गेल्या रविवारी फोनवर बाबांना माझे निम्मे बोलणे ऐकू आले नाही आणि जेवढे ऐकू आले तेवढ्यावरून ते रागावले, म्हणून सगळे सविस्तर लिहीत आहे. "पंचेचाळीस अंशांत लेकरांना घेऊन हिंडताय, डोकं ठिकाणावर आहे का तुमचं?" असे ते म्हणाले, आणि मागून आई "खिशात कांदा दिला होता का विचारा" असे सांगत होती. कांदा दिला होता. तरीही बाबांचा राग अगदीच चुकीचा नव्हता, हे आधीच कबूल करते.

चूक झाली ती अजिंठ्याच्या वेळी. आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया, झाली, इमारतीतली निम्मी मुले मनालीला नाहीतर आजोळी गेली, अथर्व मोबाइलमधून मान वर काढेना, आणि ओवी रोज सकाळी "आज कुठे?" म्हणून विचारू लागली. साठ किलोमीटरवर जगप्रसिद्ध लेणी असताना मुलांनी ती पाहिलेली नाहीत, याची मला एकाएकी लाज वाटली. सहाला निघायचे ठरले होते. डबे, पाण्याच्या बाटल्या आणि ओवीची हरवलेली टोपी यांत नऊ वाजले. फाट्यावर आपली गाडी ठेवून पुढचे चार किलोमीटर तिथल्या बसने जावे लागते, त्या बसच्या रांगेतच अकरा झाले. वाघूर नदी कोरडी, डोंगराचा घोड्याच्या नालेसारखा कातळ भट्टीसारखा तापलेला, आणि चित्रे असलेल्या लेण्यांत शिरताना चपला काढाव्या लागतात, ही गोष्ट मी साफ विसरले होते. पहिल्या लेण्याच्या अंगणात ओवीने एक पाऊल टाकले आणि जी किंकाळी फोडली, ती पुढच्या शाळेच्या सहलीतल्या सगळ्या मुलांनी वळून पाहावी अशी होती. त्यानंतर ती ह्यांच्या खांद्यावरून उतरली नाही. तीस लेण्यांपैकी आम्ही चार पाहिली.

त्या चारांतही मुलांच्या लक्षात राहिले ते पद्मपाणीचे चित्र नव्हे. पहिल्या लेण्यातल्या एका खांबाच्या माथ्यावर चार हरणे कोरली आहेत आणि चौघांना मिळून डोके एकच आहे. ज्या अंगाकडे पाहावे, ते डोके त्याचेच वाटते. अथर्व खांबाखाली उभा राहून एका डोळ्यावर हात धरून एकेक हरीण वेगळे काढत होता, आणि खांद्यावरून ओवीने विचारले, "मग एकाला भूक लागली की बाकीच्या तिघांनी पण खायचं का?" अंधारात, गारव्यात, आम्ही त्या एका खांबापाशी वीस मिनिटे होतो, आणि सबंध दिवसातली खरी सहल तेवढीच झाली. परतताना ओवीला उलट्या सुरू झाल्या, रात्री ताप चढला आणि पुढचे दोन दिवस तिला चमच्याने मीठ-साखरेचे पाणी पाजावे लागले. हे मी फोनवर लपवले होते. आता ती ठणठणीत आहे, तेव्हा काळजी करू नये.

ती निजलेली असताना मला आपली पीजे, पाचोरा-जामनेर ही छोटी रेल्वे, आठवत राहिली. शेंदुर्णीहून सकाळच्या गाडीत बसवून बाबा आम्हाला पाचोऱ्याला न्यायचे, स्टेशनवर मोठ्या लाइनीवरच्या दोन-चार मेल जाताना दाखवायचे, आई फडक्यातून दशम्या आणि शेंगदाण्याची चटणी काढायची, आणि आम्ही परत फिरायचो. "ही काय सहल?" म्हणून मी किती कुरकूर करायचे! मैत्रिणी महाबळेश्वरला जायच्या, आणि आम्ही पाचोऱ्याला. परंतु आम्हाला कधी ऊन लागल्याचे किंवा आम्ही वाटेत रडल्याचे मला आठवत नाही. ती गाडी २०२० सालापासून बंद झाली आणि आता तिथे रुंद रूळ टाकण्याचे काम सुरू आहे, त्यामुळे मुलांना ती दाखवायची माझी संधी हुकली. मात्र वेळापत्रक मी तुमचेच उचलले.

पुढच्या खेपेस आम्ही पहाटे, अंधार असतानाच, पद्मालयाला निघालो. एरंडोलच्या पुढे जंगलाचा रस्ता लागला तेव्हा कुठे उजाडत होते आणि देवळात आमच्याखेरीज चार माणसे होती. एकाच गाभाऱ्यात एक डाव्या सोंडेचा आणि एक उजव्या सोंडेचा असे दोन गणपती पाहून ओवीने दोघांची नावे वेगळी असली पाहिजेत असा आग्रह धरला. तळ्यातले पाणी खाली गेले होते, तरी काठालगत कमळाची पाने होती. त्या पानावर ओंजळीने पाणी टाकायचे, ते पाऱ्यासारखे पळते ते पाहायचे, पुन्हा टाकायचे, या एका उद्योगात दोन्ही मुलांनी तास काढला. भीमकुंडाकडे जाताना ह्यांनी बकासुराची गोष्ट सांगितली आणि गाडाभर अन्नाचे वर्णन ऐकून दोघांना भूक लागली. मी रात्रीच दशम्या करून ठेवल्या होत्या. आईसारख्या मऊ झाल्या नाहीत. दूध कमी पडले असावे. साडेदहाला आम्ही घरात होतो, खिडक्या बंद, कूलर सुरू, मुले गाढ झोपलेली.

तेव्हापासून दहाच्या आत घरी हा नियम केला आहे. फारच हट्ट झाला तर गावातल्या गावात गांधीतीर्थ, तेही एकदाच.

आता मुख्य विनंती. दिवाळीच्या सुट्टीत पाटणादेवीला जायचे आमच्या मनात आहे. तोवर पावसाचे पाणी धबधब्यात थोडेफार असेल आणि ऊन सोसवण्याजोगे असेल. भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांचे ग्रंथ शिकवण्यासाठी तिथे मठ काढला हे पाटणच्या शिलालेखात कोरले आहे, ही हकीगत बाबांनी मला दुसरीत असताना सांगितली होती. ती अथर्वलाही त्यांच्याच तोंडून ऐकायची आहे. तुम्ही नाशिकरोडहून गाडीने चाळीसगावला उतरा, आम्ही जळगावहून पोहोचतो. दादाशी मी बोलले आहे, तो तिकीट काढून देईल. आईच्या गुडघ्यांना चढ नको, ती आणि मी देवळात बसून राहू.

बाबांनी यावेच, याला आणखी एक कारण आहे. अथर्व अपूर्णांक शिकला आहे म्हणून मी त्याला भास्कराचार्यांच्या लीलावती ग्रंथातले भुंग्यांचे गणित घातले: पाचवा भाग कदंबावर, तिसरा भाग शिलींध्रावर, त्या दोहोंतल्या फरकाइतके कुटजावर, आणि एक भुंगा केतकी-मालतीच्या मधे घुटमळतो. त्याने अर्धा तास खपून उत्तर काढले, तीन भुंगे. फरकाची तिप्पट घ्यायची असते हे मला नंतर आठवले, पण ते मी त्याला अजून सांगितलेले नाही. तीन भुंग्यांचा पाचवा भाग फुलावर बसला तर नेमके काय बसले, पाय की पंख, हे आजोबांनाच विचारायचे म्हणून त्याने तो कागद घडी करून कंपासपेटीत ठेवला आहे.

तुमची,
माई