चि. सोनूस

सोलापूर

चि. सोनूस अनेक आशीर्वाद.

तू सकाळच्या हुतात्मा एक्सप्रेसनं गेलीस हे मला शेजारच्या काकूंनी सांगितलं. चपला हातात घेऊन जिना उतरलीस म्हणे. शेंगाचटणीची पिशवी ओट्यावर तशीच राहिली. असू दे. तो विषय मला काढायचाच नाही. कागदांचं तेवढं लिहिते, कारण फोनवर तू ‘हं’ म्हणतेस आणि ठेवून देतेस.

मृत्यूचा दाखला मिळाला. अप्पा घरीच गेले, म्हणून कारणाचं प्रमाणपत्र आपल्या डॉक्टरांनी लिहून दिलं, त्याला मोदी स्मशानभूमीची पावती जोडली आणि 21 दिवसांच्या आत नोंद झाली. वर्ष उलटलं की म्हणे दंडाधिकाऱ्यापर्यंत जावं लागतं. मी दहा प्रती काढल्या. दादा म्हणाला, एवढ्या कशाला? सात संपल्या बघ. प्रत्येक खिडकीवर एक ठेवून घेतात.

दादाला अप्पांचं एटीएम कार्ड मी वापरू दिलं नाही. पिन माहीत आहे म्हणून काय झालं, माणूस गेल्यावर त्याच्या कार्डानं पैसे काढणं गुन्हाच. ते गेल्यावर एक पेन्शन जमा झालं, तेही आपलं नव्हे, परत जाणार. मला आता निम्मं मिळेल, अर्ज दिलाय. बँकेत नॉमिनी मीच आहे, पण तिथले साहेब म्हणाले, “आजी, नॉमिनी म्हणजे राखणदार, मालक नव्हे. पैसा सगळ्या वारसांचा.” घरी येऊन मी हे दादाला दोनदा ऐकवलं.

हे सगळे कागद सापडले कुठे, माहितीये? अप्पांच्या कंडक्टरकीतल्या तिकिटांच्या पत्र्याच्या पेटीत. जिथं पाच-दहाच्या तिकिटांचे गठ्ठे असायचे, त्या कप्प्यांत पॉलिसी, पासबुक, सातबारा. तळाला पंच. तू लहानपणी त्यानं दादाच्या गणिताच्या वहीला भोकं पाडली होतीस आणि मार दादानं खाल्ला होता. मी पंच दाबून बघितला. अजून खटकन वाजतो. त्यांच्या खाकी शर्टाच्या खिशातून ते कागदाचे बारके गोल ठिपके निघायचे, धुताना मोरीभर व्हायचे. तेव्हा मी किती कटकट करायची त्यावरून.

काय सांगत होते? मंगळवेढ्याचा जमिनीचा तुकडा.

तीन महिन्यांच्या आत तलाठ्याकडे वारसनोंदीचा अर्ज द्यायचा असतो. (आता ग्राम महसूल अधिकारी म्हणायचं म्हणे. आपल्या तोंडी तलाठीच बसलाय.) मग फेरफार, नोटीस, हरकतीला 15 दिवस. अर्जात तिन्ही नावं मी माझ्या हातानं लिहिली आहेत. दादा तेराव्याला जे मुलींच्या हक्काच्या 2005 च्या कायद्याचं बोलत होता ना, ते वडिलोपार्जित इस्टेटीचं. ही जमीन अप्पांनी ओव्हरटाइम करून स्वतः घेतली, मृत्युपत्र केलं नाही. अशा जमिनीत मुलगी 1956 पासून वारस आहे. तू, दादा आणि मी, तिघांचा सारखा वाटा. अप्पांच्या आई असत्या तर त्यांचाही चौथा वाटा पडला असता.

दादानं तुझ्यापुढे ठेवलं ते हक्कसोडपत्र, म्हणजे आपला वाटा सोडून दिल्याचा कागद, घरच्या घरी करायचं नव्हे. 500 च्या मुद्रांकावर दुय्यम निबंधकासमोर एकदा सही झाली की मागाहून रडून फिरत नाही. द्यायचंच असेल तर दे, तुझं आहे. पण रागानं देऊ नकोस, आणि ‘घ्या तुमचं तुम्हाला’ म्हणून तर मुळीच देऊ नकोस. तशी सही करणाऱ्या बायका मी पाहिल्यात. त्या नंतर माहेरी येत नाहीत. माझ्या आत्याचं तुला ठाऊक आहे.

बघ, लागले शिकवायला. तू बँकेत अधिकारी, चार माणसं तुझ्या हाताखाली, आणि मी सातवी पास तुला मुद्रांक समजावतेय. क्षमा कर. तू तेराव्याला सगळ्यांसमोर म्हणालीस, “वाचल्याशिवाय सही करत नाही.” तेव्हा मला तुझ्या आवाजाची भीती वाटली. आणि खरं सांगू, अप्पा असते तर मिशीतल्या मिशीत हसले असते.

दादाचं मी झाकत नाही. दहाव्याला कावळा शिवेना, सगळे ताटकळले, तेव्हा दर्भ हातात धरून त्यानंच म्हटलं होतं, “अप्पा, सोनूला अंतर देणार नाही.” लगेच शिवला. आणि तीन दिवसांत त्यानंच तो कागद पुढे केला. वहिनीचं नाव घेऊ नकोस, कर्ज त्याचं आहे. मशीनचे हप्ते थकलेत, तोंडानं बोलत नाही. मी त्याला सांगितलंय, तूर्त मीही कशावर सही करणार नाही. तेव्हापासून तो माझ्याशी भाकरीपुरतं बोलतो.

पंचमी आलीच. यंदा आपल्याला सण नाही, पण आदल्या दिवशीचा भावाचा उपवास धरणार आहेस का? धरू नकोस वाटलं तर नको धरू. नुसती ये. नाहीतर मी येते पुण्याला, एसटीत आम्हा बायकांना अर्धंच तिकीट आहे. पण मी येणं आणि तू इथं येणं एक नव्हे, कळतंय ना तुला? इथं येऊन त्याच्या ताटाला ताट लावून बस, बोलली नाहीस तरी चालेल.

पुन्हा तेच झालं. नको म्हणत होते.

पेटी मी कोणाला दिली नाही. पंच तुझा.

तुझी,
आई

ता. क. अप्पांचं सिम बंद करू नका म्हणून मीच सांगितलं, बँकेचे ओटीपी त्यावर येतात. रिचार्ज केलाय, फोन माझ्या उशाशी असतो. तुझं नाव त्यात अजून ‘सोनू कंडक्टर’ असंच आहे. त्या नंबरवर केलास तरी मी उचलते.