नंबर दोघांनाही, लायसन्स एकालाच

संपादक महोदय,

अमेरिकेत घर घेणाऱ्यांसाठीचा तुमचा लेख वाचला, कामाचा होता, पण लोन ऑफिसरला (घरकर्ज करून देणाऱ्या माणसाला) केंद्र सरकार लायसन्स देतं असं त्यात छापलंय ते बरोबर नाही. लायसन्स राज्य देतं, आमच्या न्यू जर्सीत बँकिंग अँड इन्शुरन्स खातं. एनएमएलएस ही लायसन्सच्या नोंदींसाठी सगळ्या राज्यांनी मिळून वापरायची सिस्टीम आहे, तिच्यात प्रत्येक लोन ऑफिसरला एक नंबर मिळतो, जानेवारी २००८ मध्ये सात राज्यांनी सुरुवात केली आणि त्याच वर्षी घरकर्जाचा बाजार कोसळत असताना सेफ अ‍ॅक्ट हा केंद्राचा कायदा आला, मग बाकीच्यांनाही यावं लागलं. त्याआधी एका राज्यात लायसन्स गेलेला ब्रोकर शेजारच्या राज्यात खुशाल दुकान थाटायचा, तिथल्यांना कळणार कुठून? आता कंपनी बदला, राज्य बदला, नंबर तोच राहतो.

पण खरी गोम लेखात आलीच नाही. मॉर्गेज कंपनीत किंवा ब्रोकरकडे काम करणाऱ्याला २० तासांचा कोर्स, परीक्षेत ७५ टक्के, बोटांचे ठसे, क्रेडिट रिपोर्ट, वर दरवर्षी ८ तासांचा क्लास, एवढं केल्यावर लायसन्स. बँकेतल्या माणसाचे ठसे घेतात, पण ही परीक्षा नाही की राज्याचं लायसन्स नाही, नुसतं रजिस्ट्रेशन! व्हिजिटिंग कार्डावर एनएमएलएस नंबर मात्र दोघांच्याही असतो, बघून फरक कळत नाही. बँकांवर वेगळी देखरेख असते हे मान्य, तरी मला हे बँकांना दिलेलं झुकतं मापच वाटतं, कारण रेट आणि पॉइंट्स (व्याज कमी करून घ्यायला आधीच भरायची रक्कम) समजावून सांगणारा माणूस शेवटी तोच असतो ना. आणि आपली मंडळी बँक म्हटलं की डोळे मिटून सही करणार.

दुसरं म्हणजे ओळखीतला एजंट. मंडळाच्या गणपतीत कोणीतरी भेटतोच, "मी करून देतो" म्हणतो, आणि त्याचं लायसन्स असतं न्यू जर्सीचं, घर बघितलेलं असतं पेनसिल्व्हेनियात. एका राज्याचं दुसरीकडे चालत नाही, घर जिथे तिथलं लागतं. एनएमएलएस कन्झ्युमर अ‍ॅक्सेस नावाची साइट आहे, फुकट आहे, नाव किंवा नंबर टाकला की कुठल्या राज्यांत परवानगी आहे, आधी कुठे काम केलं ते दिसतं, राज्यांनी केलेली कारवाईही टाकलेली असते (जुनी सगळीच सापडेल असं नाही). लेखाचा पुढचा भाग येणार असेल तर त्यात या साइटचं नाव तेवढं ठळक छापा.

एक वाचक, एडिसन, न्यू जर्सी