हिवाळ्यातले कावळे बघणाऱ्या लेकीस

प्रिय चिऊ,

अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. दिवस कलला की खिडकीबाहेरून कावळ्यांची रांग एकाच दिशेला जायला लागते, ती थांबता थांबत नाही, आणि "आई, हे एवढे सगळे राहतात कुठे?" असं तू विचारलंस. लहानपणी तू असं काही विचारायचीस तेव्हा मी बऱ्याचदा "मग सांगते" म्हणून कामाला लागायची. आज सगळं बाजूला ठेवून लिहायला बसले आहे. कावळा म्हटलं की मला किती सांगू आणि किती नको असं होतं, हे तुला माहीतच आहे.

राहतात वेगवेगळे, झोपतात एकत्र. विणीच्या दिवसांत प्रत्येक जोडी आपलं झाड आणि आपली हद्द धरून असते. परका कावळा दिसला की त्याला पिटाळून लावते. पिल्लं उडती झाली, थंडी पडली, की ही ओढाताण सैल होते. दिवसभर जो तो आपापल्या भागात पोट भरतो आणि संध्याकाळी दूरच्या एखाद्या झाडीची वाट धरतो. पक्षी बघणारी माणसं या रात्रीच्या मुक्कामाला रातथारा म्हणतात. अमेरिकेत सिअ‍ॅटलजवळ बॉथेल इथं विद्यापीठाच्या आवारात असा एक प्रसिद्ध रातथारा आहे. भर हिवाळ्यात तिथं १६,००० पर्यंत कावळे उतरतात.

पण ते थेट झोपायच्या झाडावर जात नाहीत. आधी जवळपासच्या मोकळ्या जागेवर, छपरांवर, निष्पर्ण झाडांवर जमतात आणि मग जो गलका उठतो, तीच आपली कावळ्यांची शाळा. एकमेकांच्या अंगावर झेपा, जागेवरून भांडणं, उगाच एखाद्या काटकीसाठी पाठलाग. अंधार दाटला की हळूहळू आवाज उतरतो आणि सगळा थवा उठून खऱ्या मुक्कामाच्या जागी जातो. तू पाहिलीस ती रांग बहुतेक या शाळेकडे निघालेली असणार. एक दिवस तिच्या मागे जाऊन बघ. किती वाजता सुरू झाली ते लिहिशीलच, पण सूर्यास्ताच्या किती आधी तेही लिही, कारण कावळे घड्याळ बघत नाहीत.

एवढ्यांनी एका जागी का झोपावं, याची एकापेक्षा जास्त कारणं आहेत. रात्री घुबड येतं, आणि हजारांच्या गर्दीत नेमके आपणच उचलले जाण्याची शक्यता कमी होते. पुष्कळ रातथारे दिव्यांच्या उजेडात असतात, तेही यासाठीच असावं. दाट झाडीत वारा कमी लागतो. तिसरं कारण मला सगळ्यात आवडतं. पीटर वॉर्ड आणि अमोत्झ झहावी या पक्षी-अभ्यासकांनी १९७३ साली मांडलं की रातथारा ही बातमीची जागा असते: काल ज्याला चांगलं खाणं मिळालं तो सकाळी ठामपणे एका दिशेला निघतो आणि उपाशी राहिलेले त्याच्या मागे जातात. सगळ्याच पक्ष्यांना हे लागू पडतं का, यावर वाद झाले. रेव्हन या कावळ्याच्या थोराड भाऊबंदाबाबत मात्र ते खरं निघालं.

त्याची सुरुवात फार सुंदर आहे. १९८४ च्या ऑक्टोबरात बर्न्ड हाइनरिक या जीवशास्त्रज्ञांना अमेरिकेतल्या मेन राज्याच्या जंगलात एक मेलेला मूस, म्हणजे तिकडचं थोराड हरीण, आणि त्याभोवती आरडाओरडा करणारे रेव्हन दिसले. एवढं अन्न सापडल्यावर गुपचूप खायचं सोडून हा पक्षी बोंबा मारून इतरांना का बोलावतो, हा प्रश्न त्यांच्या डोक्यात बसला. पुढचे कित्येक हिवाळे ते बर्फात, कडाक्याच्या थंडीत, मेलेली जनावरं ओढत नेऊन टाकायचे आणि लपून बघत बसायचे. उत्तर असं निघालं की त्या भागात हद्द धरून असलेली मोठी जोडी एकट्यादुकट्या तरुण रेव्हनला अन्नाला शिवू देत नाही. म्हणून तरुण पक्षी जमाव जमवतात. बरेच जण आले की जोडीचं काही चालत नाही. नंतर हेही कळलं की ज्याला जागा ठाऊक आहे त्याच्या मागे रातथाऱ्यावरचे बाकीचे पहाटे निघतात. एका प्रश्नापायी इतके हिवाळे दिले त्या माणसानं. मला त्यांचा फार आदर वाटतो.

सकाळी निघायची वेळ जमली तर नक्की गाठ. इंग्लंडमध्ये जॅकडॉ या लहान चणीच्या कावळ्यांवर केलेला अभ्यास २०२२ साली छापून आला. उजाडायच्या आधी त्यांचा आवाज वाढत वाढत जातो आणि एका क्षणी शेकडो पक्षी काही सेकंदांत एकदम उठतात. ध्वनिमुद्रित आवाज ऐकवले तेव्हा थवे सरासरी साडेसहा मिनिटं लवकर उठले. म्हणजे तो गोंगाट म्हणजे निघायचं का यावर चाललेला होकार गोळा करणं आहे.

आता गर्दी सोड आणि एकटा कावळा बघ. हे मला अगदी मनापासून सांगायचं आहे. गर्दी बघून माणूस थक्क होतो, पण ओळख होते ती एकट्याशी.

पहाटे उघड्या फांदीवर बसलेला कावळा निम्म्याने मोठा दिसतो, कारण त्यानं पिसं फुलवून आत हवा कोंडून धरलेली असते. एक पाय पोटाच्या पिसांत ओढून घेतलेला. दुसरा उघडा पाय गोठत का नाही? पायात उतरणाऱ्या गरम रक्ताची वाहिनी आणि वर परतणाऱ्या थंड रक्ताच्या वाहिन्या अगदी शेजारून जातात. ऊब वाटेतच परत अंगात येते आणि पावलापर्यंत गरजेपुरतीच पोचते. जवळून दुर्बीण लावलीस तर डोळ्यावरून क्षणात सरकून जाणारा दुधी पडदा दिसेल. तो आडवा सरकतो, पापणीसारखा वरून खाली येत नाही. मी पहिल्यांदा पाहिला तेव्हा वाटलं, याच्या डोळ्याला काहीतरी झालं आहे.

आणि काकस्नान! उरकून घेतलेल्या आंघोळीला आपण हा शब्द वापरतो, त्यात कावळ्यावर अन्याय आहे. कडाक्याच्या थंडीत मी एकाला खळग्यातल्या पाण्यात उतरताना पाहिलं आहे. आधी चोच बुडवून अंदाज, मग छातीपर्यंत आत, डोकं खाली घालून पाणी पाठीवर फेकायचं, पंख थरथरवायचे, बाहेर येऊन झाडायचं आणि पुन्हा उतरायचं. असं चार वेळा. मग फांदीवर बसून एकेक पीस चोचीतून ओढून नीट करायचं, शेपटीपर्यंत. तेवढ्यात माझा चहा गार झाला. पिसं स्वच्छ आणि नीट लागलेली नसतील तर ऊब धरून ठेवत नाहीत, म्हणून थंडीतही आंघोळ चुकवून चालत नाही.

यंदाचं पिल्लू कोणतं, हेही हिवाळ्यात ओळखता येतं. अंगावरची पिसं नवी काळीभोर आलेली असतात, पण पंखांची आणि शेपटीची मोठी पिसं घरट्यातलीच, त्यामुळे ती तपकिरी आणि विटकी दिसतात. उन्हात हा फरक चटकन कळतो. ओरडताना चोच उघडली की आत बघ: मोठ्याचं तोंड आतून काळं, लहानाचं लालसर. अमेरिकेत इथाका इथं केव्हिन मॅकगोवन या पक्षी-अभ्यासकांनी वर्षानुवर्षं कावळ्यांच्या पंखांवर खुणा लावून त्यांची घराणी नोंदली आहेत. तिथल्या कावळ्यांची मुलं मोठी झाल्यावरही काही वर्षं आईबापांजवळ राहतात, धाकट्या भावंडांना भरवतात. हिवाळ्यात थव्याबरोबर बाहेर पडलेली मुलंही मधूनमधून घरच्या हद्दीत डोकावून जातात.

बर्फाळ प्रदेशातली एक गोष्ट तुला आवडेल. फिनलंड-स्वीडनकडे गोठलेल्या तळ्याला भोक पाडून माणसं गळ सोडून जातात. तिथले राखी अंगाचे कावळे चोचीत दोरी धरून मागे मागे चालत जातात, ओढलेल्या दोरीवर पाय देत पुन्हा भोकाकडे येतात, म्हणजे दोरी परत आत सरकत नाही, आणि पुन्हा ओढतात. शेवटी मासा किंवा आमिष वर येतं.

खाणं लपवणं तर तुला कुठेही दिसेल. तुकडा जमिनीत खुपसायचा, वर वाळकं पान आणून ठेवायचं, दोन पावलं मागे जाऊन बघायचं. कुणी पाहत होतं असं वाटलं तर तोच तुकडा काढून दुसरीकडे न्यायचा. तू पाहत असलीस तरीही! कावळे माणसाच्या नजरेकडे लक्ष ठेवून असतात. सरळ त्यांच्याकडे बघत चालत गेलीस तर लवकर उडतील, दुसरीकडे बघत गेलीस तर थोडे अधिक जवळ येऊ देतील. करून बघ.

आता तपकिरी शालीची गोष्ट. तू चौथीत होतीस, तुला अंधूक आठवत असेल. थंडीतल्या एका सकाळी कुंपणाशी एक कावळा पंख लोंबवून पडला होता. मी शाल टाकून त्याला उचललं आणि खोक्यात ठेवलं. वर झाडावर हलकल्लोळ. दुपारच्या आत तो गेला. दुसऱ्या दिवसापासून मी दाराबाहेर पाऊल टाकलं की दोन कावळे डोक्यावरून सूं करून जायचे आणि कोपऱ्यापर्यंत ओरडत पाठलाग करायचे. मला फार लागलं ते. वाचवायला गेले आणि वैरी ठरले.

वहीत मी लिहून टाकलं, "कावळ्यांना शालीची भीती बसली." शाल कपाटात ठेवली. फरक पडला नाही. मग तुझे बाबा तीच शाल पांघरून बाहेर गेले. एकही कावळा बोलला नाही. मग मी तोंड मफलरमध्ये गुंडाळून निघाले, सगळं शांत. कोपऱ्यावर मफलर सोडला मात्र, लगेच कलकलाट! त्यांना शालीचं काही नव्हतं. त्यांनी माझा चेहरा लक्षात ठेवला होता, आणि तीन हिवाळे ठेवला. वहीतलं ते वाक्य मी खोडलं, पण फाडलं नाही.

पुष्कळ वर्षांनी जॉन मार्झलफ या कावळ्यांच्या अभ्यासकांच्या प्रयोगाबद्दल वाचलं तेव्हा मी उठून वही शोधून काढली. त्यांनी २००६ साली सिअ‍ॅटलमध्ये आदिमानवाचा मुखवटा घालून सात कावळे पकडले, खुणेची कडी अडकवून सोडून दिले. नंतर तो मुखवटा घालून कुणीही फिरलं, बाई असो की पुरुष, लहान असो की थोर, कावळे त्याच्यावर तुटून पडायचे. दुसऱ्या साध्या मुखवट्याकडे ढुंकूनही बघायचे नाहीत. आणि कधीच न पकडलेले कावळेही ओरडायला लागले, पुढे त्या वेळी जन्मालाही न आलेली पिल्लंसुद्धा. आईबाप ओरडताना बघून ती शिकली होती.

म्हणून वहीचं एक पान तू जे पाहिलंस त्याला दे आणि समोरचं पान तुला जे वाटलं त्याला. दोन्ही एकत्र करू नकोस. कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, हे आपण येता-जाता म्हणतो. पण फांदी तुटताना समोर बसून पाहिली की कावळ्यामुळेच तुटली असं वाटल्याशिवाय राहत नाही. तू लिहिलं आहेस की एक कावळा "उदास" बसला होता. तो कसा बसला होता ते लिही. मान कुठे होती, पिसं फुललेली होती का, वारा कुठून होता, किती वेळ. उदास हा शब्द समोरच्या पानावर जाऊ दे.

खायला घालायचा मोह होईल. कधीतरी मूठभर घाल, रोजचा रतीब लावू नकोस; जे तू घातलेलं खायला येतात ते तुला त्यांचं नेहमीचं वागणं दाखवत नाहीत. मेलेल्या कावळ्याला हात लावू नकोस. १९९९ साली न्यू यॉर्कमध्ये वेस्ट नाइल विषाणू आला तेव्हा आधी कावळेच पटापट मेले होते. आणि पानं गळली आहेत तोवर जुनी घरटी शोधून झाडं टिपून ठेव. हिवाळा सरता सरता जोड्या परत हद्दीवर येतील, काटक्या उचलायला लागतील, तेव्हा कुठे बसायचं ते तुला आधीच माहीत असेल.

खिडकीसमोरच्या खांबावर रोज येतो म्हणतेस, त्या कावळ्याच्या पंखाचं एक पीस बाहेर आलं आहे ना? तो ओरडेल तेव्हा तोंडाचा आतला रंग बघून कळव. मला उत्सुकता लागली आहे.

अंगावर पुरेसं घालून बाहेर बसत जा.

तुझी,
आई

ता. क. पत्र घडी घालता घालता माझीही संध्याकाळची रांग सुरू झाली. आतापर्यंत एकशे बारा मोजले, अजून येताहेत.