दोनदा मारल्यावर लागणारा ब्रेक

शिवाजी उद्यमनगर,
कोल्हापूर

प्रिय दिन्या,
सप्रेम नमस्कार.

काल फोनवर तू गडबडीत होतास, म्हणून नीट बोलणं झालं नाही. पण ठेवता ठेवता जे म्हणालास, "ब्रेक लागतो रे, फक्त दोनदा मारायला लागतो," ते माझ्या डोक्यातनं जाईना. मर्दा, दोनदा मारायला लागणारा ब्रेक म्हणजे नसलेलाच ब्रेक. तू राहतोस गगनबावड्यात. घरातनं बाहेर पडलं की एका अंगाला करूळ घाट, दुसऱ्या अंगाला भुईबावडा. वळणावर म्हैस आडवी आली तर दुसऱ्यांदा पाय मारायला वेळ कोण देणार? तेव्हा पत्र पुढं वाचायच्या आधी एक गोष्ट पक्की कर. हे निस्तरेपर्यंत गाडी घाटात उतरवायची नाही. वैभववाडीला काम असलं तर एसटीने जा.

तिथल्या गॅरेजमध्ये तुला मास्टर सिलिंडर (पेडल दाबलं की चाकांकडं तेल रेटतो तो), चारी चाकांचं किट, पॅड, लायनर (ड्रमला आतून घासणारं अस्तर), सगळंच बदलूया म्हणून सांगितलंय. कदाचित त्यातलं काही बदलायला लागेलही. पण पेडल कशामुळे खाली जातंय ते न बघता सामान आणलं, तर पैसे जातात आणि पेडल तिथंच राहतं. मागच्या लायनरची फट वाढलेली असली तर नवाकोरा मास्टरसुद्धा जुन्याइतकाच खाली जाणार. म्हणून आधी पेडलालाच विचारायचं. पायाला जे जाणवतं त्यात निम्मं उत्तर असतं, आणि त्यासाठी एकही पाना लागत नाही.

सपाट जागेवर गाडी लाव, चाकांना दगड लाव, इंजिन बंद ठेव. पायाचा जोर वाढवणाऱ्या बूस्टरमध्ये साठलेला व्हॅक्यूम संपेपर्यंत पेडल मारत राहा. ते जड झालं की थांब आणि पाय उचल. थोड्या वेळाने एकदाच सावकाश दाब आणि पायाखाली काय होतंय तिकडं लक्ष दे.

पेडल बरंच खाली गेलं पण शेवटी दगडासारखं घट्ट थांबलं, तर तेलात हवा नाही. कुठंतरी फट जास्त झालीय आणि ती भरून काढण्यातच मास्टरची चाल संपतेय. पेडल कुठंच घट्ट होत नसेल, सायकलच्या पंपाचं तोंड बोटाने दाबून दांडा रेटल्यासारखं लवलवत असेल, तर आत हवा आहे. तेल दाबलं तरी आक्रसत नाही, हवा आक्रसते. तुझ्या पायाचा जोर चाकापर्यंत न जाता ती हवा दाबण्यातच खर्च होतो. जुने रबरी होज पाइप फुगत असले तरी असंच लवचिक लागतं. आणि तिसरा प्रकार म्हणजे पेडल वर घट्ट लागतं, पण पाय तसाच दाबून धरला की हळूहळू खाली सरकत जातं. बाहेर कुठं तेल दिसत नसेल तर मास्टरच्या आतले रबरी वायसर गेलेत. दाबलेलं तेल त्यांच्या कडेने मागं पळतंय. ही चाचणी घाईत करू नकोस. हलक्या पायाने एकदा आणि जोरात एकदा अशी दोन्ही तऱ्हेने कर, कारण झिजलेला वायसर कधी कधी जोरात दाबल्यावर धरतो आणि हलक्या दाबाला सोडतो. सिग्नलला नुसता पाय ठेवून थांबल्यावर पेडल बुडतं ते त्यामुळेच.

आता तुझ्या गाडीचं. पहिल्यांदा खाली जातं, लगेच दुसऱ्यांदा मारलं की वर येतं. ही खूण फटीची आहे, आणि हवेचीही असू शकते. फरक एवढाच की वर आल्यावर ते घट्ट लागतं की लवलवतं. तू म्हणालास घट्ट लागतं. मग माझा पहिला संशय मागच्या ड्रमवर. तुझ्या गाडीला पुढं डिस्क, म्हणजे दोन पॅडमध्ये चिमटली जाणारी तबकडी, आणि मागं ड्रम, म्हणजे लायनर आतून टेकतात ते भांडं. डिस्कचे पॅड झिजतील तसा त्यांना दाबणारा कॅलिपरचा पिस्टन आपोआप पुढं येत राहतो, म्हणून पॅड पातळ झाले तरी पेडल फारसं खाली जात नाही. फक्त डब्यातली तेलाची पातळी उतरते. ड्रमचं तसं नाही. लायनर झिजला की ड्रम आणि लायनरमधली फट वाढते. ती भरून काढायला आत दात्यांची पट्टी असते. ती गंजून अडकली की पहिल्या दाबातलं तेल लायनर ड्रमपर्यंत न्यायलाच संपतं. दुसरा दाब लगेच आला, तर लायनर अजून पूर्ण मागं गेलेले नसतात, म्हणून पेडल वर लागतं.

आणि गंजायला कारणही घडलेलंच आहे. २०२१ च्या जुलैत गाडी आक्कांच्या दारात, शाहूपुरीत होती. पंचगंगेचं पाणी कुंभार गल्लीकडनं आत आलं तेव्हा गाडीची चाकं बुडाली होती, तुला आठवत असेल. पाणी ओसरल्यावर सीट वाळवल्या, इंजिनचं ऑइल बदललं, पण ड्रम उघडल्याचं मला तरी आठवत नाही. पुराचं पाणी नुसतं पाणी नसतं, त्यात गाळ असतो. तो ड्रममध्ये शिरला की पट्टीचे दाते, हँडब्रेकची केबल, लायनर ढकलणाऱ्या व्हील सिलिंडरची रबरी टोपी, सगळीकडं बसतो. त्यात गावातले कितीतरी लोक २०१९ ला एकदा यातनं गेले आणि २०२१ ला परत. आमच्या लेथवर त्या दोन्ही वर्षी गंजलेले ड्रम बरेच आले.

खात्री करायची एक सोपी युक्ती आहे. हँडब्रेक अर्धा ओढ आणि मग पेडल दाब. पेडल एकदम वर आणि घट्ट लागलं, तर दोष मागच्या चाकांत, लायनरच्या फटीत. हँडब्रेकने लायनर ड्रमजवळ नेऊन ठेवले, म्हणून मास्टरचं काम कमी झालं. काहीच फरक पडला नाही तर मात्र मला पुढं बघायला लागेल: पुढच्या चाकाचं बेअरिंग ढिलं आहे का, डिस्क वाकडी आहे का. डिस्क डुलत असली की चालत्या गाडीत पॅडना मागं ढकलते आणि त्यानंतरचा पहिला ब्रेक खोल जातो. उभ्या गाडीत ते सापडत नाही, म्हणून गावातल्या सपाट रस्त्यावर हळू चालवून नंतर लगेच पेडल बघायचं.

इथं एक सांगतो, त्याचा मला खरंच राग येतो. हँडब्रेक फार वर येतो म्हणून केबल ताणून देतात. गाडीवाला खूश, कारण हँडब्रेक लागतो आणि पेडलही थोडं वर आलेलं असतं. पण केबल ताणून ठेवली की लायनर पूर्ण मागं जात नाहीत, दात्यांची पट्टी आपलं काम करू शकत नाही, ड्रम तापतो, आणि खरी फट झाकली जाते. आधी केबल सैल, मग आतली फट बरोबर, आणि सगळ्यात शेवटी केबल. हा क्रम उलटा करू द्यायचा नाही, कुणी कितीही जुना मिस्त्री असला तरी.

ड्रम उघडायला मी येतो, तू एकट्याने हात घालू नकोस. कडेला गंजाचा ओठ आलेला असेल, लायनर त्यात अडकतात, आणि लोक वैतागून ड्रमच्या कडेवर घण घालतात. ड्रम बिडाचा असतो. बिडाला ठोका सोसत नाही, तडा जातो, आणि तो तडा वरनं दिसेलच असं नाही. पुलर लावून सरळ ओढायचा. आतली धूळ फुंकायची नाही की कॉम्प्रेसरने उडवायची नाही. जुन्या लायनरमध्ये अॅस्बेस्टॉस असायचं, ते छातीत गेलेलं बाहेर येत नाही. ओल्या फडक्याने पुसून घ्यायचं.

आत गेल्यावर मी सगळ्यात आधी व्हील सिलिंडरची टोपी बोटाने उचलून बघणार. आत ओल दिसली तर तेल गळतंय, आणि मग तो सिलिंडर नवाच घालायचा. पुराच्या पाण्याने आतून खड्डे पडलेल्या सिलिंडरमध्ये नुसतं नवं किट टाकलं तर ते रबर त्या खड्ड्यांवर घासून पुन्हा गळतं. तेल प्यालेले लायनरही ठेवायचे नाहीत. पेट्रोलने धुऊन, जाळून, घासून कुणी दिले तरी गाडी ब्रेकला एका बाजूला ओढते. लायनर बदलायचे तर दोन्ही चाकांचे एकदम. ड्रमला लेथवर हात मारायला लागला तर मी मारीन, पण ड्रमवर जास्तीत जास्त किती व्यास चालेल तो आकडा कोरलेला असतो; त्याच्या पुढं गेलेला ड्रम मी परत बसवू देणार नाही. आणि एक लक्षात ठेव, लेथवर मोठा झालेला ड्रम आणि नवे लायनर यांची गोलाई सुरुवातीला जुळत नाही. लायनर मधेच टेकतात, कडा उचललेल्या राहतात. तेवढे दिवस पेडल थोडं लवचिक लागेल. हवा राहिली म्हणून घाबरू नकोस.

हवा मात्र काढायलाच लागेल, तेलही जुनं आहे. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा ओढून घेतं, आणि तुमच्या गगनबावड्याच्या पावसात ओलावा काही कमी नाही. डॉट ३ या प्रतीचं ताजं तेल २०५ अंश सेल्सिअसच्या खाली उकळू नये असा नियम, पण पाणी मुरलेल्या तेलाची मर्यादा १४० वर येते. डॉट ४ ची अनुक्रमे २३० आणि १५५. लांब उतारावर ब्रेक दाबून ठेवला की चाकाजवळचं तेल तापतं, त्यातल्या पाण्याची वाफ होते, आणि वाफ हवेसारखीच आक्रसते. घाटाच्या माथ्यावर ठीक असलेलं पेडल पायथ्याला गायब होतं आणि गाडी थंड झाल्यावर परत येतं. गॅरेजमध्ये नेल्यावर काहीच सापडत नाही. म्हणून दर दोन वर्षांनी तेल पूर्ण बदलायचं, आणि घाटात दुसऱ्या गिअरवर उतरायचं.

हवा काढताना तू पेडलवर बसशील, मी चाकाशी. मी "दाब" म्हटलं की सावकाश दाबायचं आणि "सोड" म्हणेपर्यंत पाय उचलायचा नाही. चाकाजवळची हवा काढायची निपल उघडी असताना पाय उचललास तर बाहेरची हवा परत आत ओढली जाते. मास्टरपासनं सगळ्यात लांबच्या चाकापासनं सुरू करू, म्हणजे मागच्या डाव्या. आणि पेडलाखाली मी लाकडाचा ठोकळा ठेवणार आहे. इतक्या वर्षांत मास्टरचे वायसर सिलिंडरच्या ठरावीक भागातच फिरलेत. त्याच्या पुढचा भाग गंजलेला, चिकटलेला असतो. पेडल पार तळापर्यंत नेलं की वायसर त्या खरखरीत जागी जाऊन फाटतात. सकाळी चांगला असलेला मास्टर संध्याकाळी हवा काढल्यावर गेला, ही तक्रार बहुतेक वेळा यातनंच येते, आणि मग "मास्टर तर गेलाच होता" असं सांगून नवा गळ्यात मारतात. निघालेलं तेल स्वच्छ दिसलं तरी डब्यात परत ओतायचं नाही. गाडीच्या रंगावर थेंब पडला तर लगेच पाण्याने धू, नाहीतर रंग उचलतो.

बूस्टरचं लवकर सांगतो. इंजिन बंद असताना पेडल मारून जड कर, पाय दाबून ठेव आणि तसंच इंजिन चालू कर. पेडल किंचित खाली गेलं तर बूस्टर चांगला आहे. तेवढं खाली जाणं हा दोष नव्हे.

होज पाइप बघताना मी एक एक करून गुळगुळीत क्लॅम्पने दाबून पेडल कुठल्या पाइपाला वर येतं ते पाहीन. तिथं कुणी साध्या पकडीने दाबायला लागला तर थांबव. आतला थर फाटतो, बाहेरनं कळतही नाही.

तोवर तू एवढं कर. वर सांगितलेल्या पेडलाच्या तिन्ही गोष्टी आणि हँडब्रेकची ती युक्ती करून बघ. डब्यातली पातळी बघून त्यावर खडूने खूण कर. रात्री चारी चाकांच्या आतल्या बाजूला पुठ्ठा टाकून ठेव आणि सकाळी तेलाचा डाग आहे का बघ. जे काय दिसेल ते शुक्रवारपर्यंत फोनवर सांग, म्हणजे मी इथनं त्याप्रमाणे सामान घेऊन निघतो. मध्येच पेडल एकदम निम्म्यावर गेलं किंवा ब्रेकचा लाल दिवा लागला, तर ब्रेकच्या तेलाच्या दोन स्वतंत्र सर्किटपैकी एक गेलंय असं समज आणि गाडी दारातनं हलवूच नकोस.

रविवारी सकाळच्या एसटीने येतो. वहिनींना सांग, जेवायला आहे. आक्कांना कालच भेटलो, त्यांची तब्येत बरी आहे.

तुझा,
संज्या

ता. क. ब्रेक ऑइल तू घेणार असलास तर सीलबंद डबाच घे. कुणाकडचा उघडा, अर्धा राहिलेला डबा स्वस्तात मिळाला तरी नको. आणि डब्यावर डॉट ५ लिहिलेलं असेल तर ते सिलिकॉनचं असतं, आपल्या तेलात मिसळायचं नाही. डॉट ३ किंवा ४, गाडीच्या झाकणावर जे छापलंय ते बघून घे.