पौष महिना आमच्या लेकरांना देणाऱ्या दादांस

प्रिय दादा,

लातूरकर तुम्हाला लग्नाचं शूटिंग करणारे म्हणून ओळखतात. पौषात लग्नतिथी फारशा नसतात. तुम्हाला उसंत मिळते ती अशाच दिवसांत. ती तुम्ही आमच्या पत्रकारितेच्या वर्गातल्या अकरा लेकरांना दिलीत, म्हणून हे पत्र सगळ्यांसमोर लिहितेय.

कॉलेजचा कॅमेरा मोडेल या भीतीनं कपाटात कुलूपबंद असायचा. "बिघडला तर मी नीट करून देतो, पोरांच्या हातात द्या," असं तुम्ही म्हणालात आणि कुलूप निघालं.

नव्या तुरीची आवक सुरू होती. मुलांनी अडत बाजारातल्या हमालांवर फिल्म करायचं ठरवलं. पहिला कट, म्हणजे जोडून तयार केलेली पहिली फिल्म, नऊ मिनिटांचा, सुरुवातीपासून शेवटपर्यंत नुसतं संगीत. तुम्ही तो पूर्ण पाहिलात आणि एवढंच विचारलंत, "पोतं खाली पडल्याचा आवाज कुठंय?" आवाज नव्हताच. दुसऱ्या दिवशी सकाळी पोरं पुन्हा बाजारात.

मग मुलाखतीत पंख्याची घरघर आली. पंखा बंद करा म्हणायला लाजायचं नाही, निघण्याआधी मिनिटभर नुसती खोली रेकॉर्ड करायची, हे तुम्ही शिकवलंत. ती शांतता एडिटिंगमध्ये जोडांखाली कशी पसरायची, तेही शेजारी बसून दाखवलंत. तिसऱ्या वेळी अडतीतल्या ट्यूबलाइटखाली चित्रात पट्टे सरकू लागले. आपली वीज ५० हर्ट्झची, नळी सेकंदाला १०० वेळा लुकलुकते, म्हणून शटर, म्हणजे एकेका चित्रावर प्रकाश पडू देण्याचा वेळ, सेकंदाच्या १/५० वर ठेवायचं; मग प्रत्येक चित्रात सारखाच प्रकाश येतो. फळ्यावर मी हे कितीदा लिहिलंय. पण त्या दिवशी एका मुलीनं स्वतः शटर बदललं, पट्टे थांबले, आणि तिचा चेहरा मी पाहिला. दादा, तो चेहरा मला फळ्यासमोर कधी दिसला नव्हता.

तरी तुम्ही थांबला नाहीत. कट हमालकाकांनाच मोबाइलवर दाखवायला लावलात. ते म्हणाले, "थप्पी लावताना दाखवलंच नाही की. खरं काम तर तितंच हाय." पोरं चौथ्यांदा गेली. पाठीवर पोतं घेऊन फळीवरून वर चढणारी ती पावलं, फळीची करकर, हीच आता फिल्मची सुरुवात आहे. लांबी साडेचार मिनिटं.

चारही कट जपून ठेवलेत. जूनमध्ये नवा वर्ग येईल, त्याला आधी नऊ मिनिटांचा दाखवणार आहे.

तुमची ऋणी,
पत्रकारिता विभागातली एक शिक्षिका